आमचाच बोर्ड आम्हालाच ६,८०० रुपयांना विकला

चौदा हजार दोनशे पन्नास रुपये गेले. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो. पाच रुपयांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत जागचा उठत नाही. असा माणूस स्वतःच्या घरात, उजेडात, डोळ्यांदेखत लुबाडला गेला. हे सांगायला लाज वाटते, पण तो माणूस अजून घरोघरी फिरतोय, म्हणून सांगतो.

माझी आई ७८ वर्षांची. आषाढात रात्री संडासला जाताना पॅसेजमध्ये पडली, खुब्याला मार बसला. अंधारात तिला भिंतीवरचा स्विच सापडत नाही. म्हणून पलंगाच्या काठाला एक बटण हवं होतं. एकदा दाबलं की पॅसेज आणि बाथरूमचे दिवे लागावेत, परत दाबलं की जावेत. आमचा नेहमीचा वायरमन साधा टू-वे स्विच बसवतो म्हणाला होता. पण म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी २३० व्होल्टची वायर नको, असं मला वाटलं. यात माझं काही चुकलं असं मी आजही मानत नाही.

ओळखीतून एक 'ऑटोमेशनवाला' आला. आर्डुइनोचा बोर्ड, म्हणजे प्रोग्राम भरून चालवायची छोटी इलेक्ट्रॉनिक पाटी, दोन रिले, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर दिवे चालूबंद करणारे स्विच, पाच व्होल्टवर चालणारं बटण, मजुरीसकट ४,२०० रुपये, रोख. पावती व्हॉट्सॲपवर टाकतो म्हणाला. ती आलीच नाही. पावती हातात पडल्याशिवाय एक रुपयाही सोडू नका, पुढे सगळं घोडं तिथेच अडतं.

आठवड्याभरात दिवे रात्री दोनला आपोआप लागायला लागले. फ्रिज सुरू झाला की पॅसेजचा दिवा जायचा. कधी आईने बटण दाबलं की दिवा लागून लगेच विझायचा आणि ती अर्ध्या वाटेत अंधारात उभी राहायची.

त्याला परत बोलावलं. तो स्टुलावर चढला, मी टॉर्च धरला होता. त्याने डबीचं झाकण काढलं आणि बटणाच्या वायरीकडे हात नेला. बटणाला कुणी हात लावलेला नव्हता, वायरीलाही बोट लागलं नव्हतं, तोच रिले टक् वाजला आणि दिवा लागला. हात मागे घेतला, पुन्हा टक्, दिवा गेला. हे मी दोन हातांवरून पाहिलं. नुसता हात जवळ नेल्याने दिवा लागतो तर दोष बटणाच्या वायरीकडे आहे, एवढं तेव्हाच विचारायला हवं होतं! तो म्हणाला, "काका, बोर्ड उडालाय." पलंगावरून आई विचारत होती, "बाळा, आता नीट होईल ना रे?" तो म्हणाला, "आज्जी, बिनघोर झोपा." मी गप्प बसलो. ती टक्-टक् अजून कानात वाजते.

नव्या बोर्डाचे १,१००, येण्याचे ६५०, एकूण १,७५०. 'उडालेला' बोर्ड तपासायला म्हणून घेऊन गेला. काढलेला भाग कधीही नेऊ देऊ नका, पैसे तुम्ही मोजलेत.

चार दिवसांत पुन्हा तेच. मग 'इंडस्ट्रियल कंट्रोलर' आला, एम-सीलने बंद केलेली काळी पेटी, उघडली तर वॉरंटी जाईल म्हणे. ६,८०० रुपये. यूपीआयवर नाव दुसऱ्याच कुणाचं आलं, "मेव्हण्याचं खातं आहे" म्हणाला. नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा. मी थांबलो नाही. शेवटी भारी केबल आणायला १,५०० आगाऊ घेतले आणि फोन बंद.

शेजारची इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची मुलगी मीटर घेऊन आली. तिने पेटी फोडली. आत आमचाच पहिला बोर्ड! बसवताना पहिल्याच दिवशी तो स्टुलावरून पडला होता आणि यूएसबीच्या बाजूचा कोपरा टवकला होता. तोच टवका. माझे पाय गळाले.

बोर्ड कधीच बिघडला नव्हता. बटण दाबलं की बोर्डाच्या पिनला, म्हणजे बटणाची वायर जिथे जोडतात त्या टोकाला, पाच व्होल्ट मिळायचे, पण सोडलं की ती पिन अधांतरी. तिला ग्राउंडशी, म्हणजे बोर्डाच्या शून्य व्होल्टशी, बांधून ठेवणारा रेझिस्टर, विजेला अडवणारा छोटासा भाग, त्याने लावलाच नव्हता. वर बटणाची वायर २३० व्होल्टच्या वायरीबरोबर एकाच केसिंग-पट्टीतून नेलेली. अधांतरी पिन शेजारच्या वायरीतली खळबळ उचलते आणि बोर्डाला वाटतं बटण दाबलं. तिने पिन आणि ग्राउंडमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर जोडला, वायर वेगळ्या पट्टीतून घेतली. दिवा लागून लगेच जाण्याचं कारण वेगळं: दाबताना बटणाची पट्टी काही मिलिसेकंद थरथरते आणि एकच दाब दोनदा मोजला जातो. त्यासाठी प्रोग्राममध्ये ५० मिलिसेकंदांची वाट घातली. रेझिस्टर एक रुपयाचा. तिने पैसे घेतले नाहीत.

चौकीत गेलो तर पहिला प्रश्न, "पावती आहे का?" नाही. "मग हे दिवाणी आहे." मी म्हणालो, साहेब, माझीच वस्तू मला विकली, ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ सांगितलं, तर "तुम्ही वकील आहात का?" तीन खेपा घातल्या. एकदा साहेब बंदोबस्ताला, एकदा रजेवर, तिसऱ्यांदा साध्या कागदावर अर्ज घेतला आणि पोचही दिली नाही. बँकेत म्हणे, पिन तुम्हीच टाकलात, आमचा काय संबंध. टवका गेलेला बोर्ड मी टेबलावर ठेवला होता. त्याच्याकडे एकानेही मान वळवून पाहिलं नाही! १४,२५० म्हणजे त्यांच्या लेखी किरकोळ. माझ्या घरात ती आईच्या औषधांची रक्कम आहे.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार लिहितोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची. आधी सल्ला हवा तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचे निरोप, पेटीचे तुकडे, सगळं जपून ठेवलंय. तुम्हीही काही टाकू नका.

दिवे महिनाभर बिनतक्रार चालताहेत. पण आई बटण दाबते आणि उठत नाही. पलंगाचा काठ धरून, पॅसेजमधल्या उजेडाकडे बघत, तो जात नाही ना याची वाट पाहत बसते. मगच पाय खाली टाकते.