ठेकेदाराच्या फर्मचं नाव बदललं, अन् आमच्या रजा गायब

वर्धा जिल्ह्यातल्या एका सूतगिरणीत मी रिंग फ्रेमवर, म्हणजे सूत कातायच्या मशीनवर, आहो. पगार ठेकेदाराकडून. खाडा पडला की हजेरी कापली, एवढंच आम्हाला माहीत. भरपगारी रजेचं विचारलं तर सुपरवायझर म्हणे, "ठेकेदारीच्या लोकायले कायची रजा बे? ते पर्मनंटवाल्यायले असते."

साफ खोटं. तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात ठेकेदारामार्फत लागलेला माणूसही कामगारच होता. वर्षात २४० दिवस काम भरलं की पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा मिळायची. म्हणजे २४० ला १२. आठवड्याची सुट्टी त्यात धरत नाहीत. काम सुटलं तर उरलेल्या रजेचे पैसे द्यावे लागतात.

हे कळल्यावर संक्रांत झाली तशी आम्ही काही जणांनी रजा मागितली. ठेकेदाराने शांतपणे रजिस्टर पुढे केलं. सगळ्यांची भरती जुलैतली! "पाहा, २४० भरतेच कुठं?"

जुलैत काय झालं होतं ते सांगतो. शिफ्ट सुटायच्या वेळी ठेकेदाराचा मुनशी कागदांचा गठ्ठा घेऊन खात्यात आला. "पीएफचे कागद आहेत, लवकर करा, माही बस आहे." कागदाचा वरचा भाग घडी करून पॅडखाली दाबलेला, दिसे फक्त रेव्हेन्यू तिकीट. हाताला कापसाचे तंतू चिकटलेले, मागे रांग. सह्या झाल्या, काहींचे अंगठे झाले. तो निघाला राजीनामा, खाली "सर्व हिशेब मिळाला". कारण घरगुती अडचण. अख्ख्या खात्याला एकाच दिवशी घरगुती अडचण आली म्हणायची! दुसऱ्या दिवशी तीच मशीन, तीच शिफ्ट, फक्त गेटपासवर ठेकेदाराच्या साळ्याची फर्म. विचारलं तर म्हणे जीएसटीचं काम आहे.

त्याची खेळी इथंच फसली. कायदा दिवस मोजतो ते कारखान्यात केलेल्या कामाचे. मधात फर्म कोणाची, याने मोजणी तुटत नाही. पुरावा पीएफच्या ऑनलाइन खात्यातल्या सर्व्हिस हिस्टरीत, म्हणजे नोकरीच्या नोंदीत, सापडला. एकाच यूएएनखाली (माणसाचा पीएफचा कायमचा नंबर) दोन मेंबर आयडी (दर नोकरीचा वेगळा नंबर). एकात काम सोडल्याची तारीख, दुसऱ्यात लगेच पुढच्या दिवसाची भरती. ज्याला कोणाला शंका असेल त्याने हे पान आधी उघडावं, मोबाइलवरही दिसते. जुने गेटपास आणि पगाराच्या चिठ्ठ्या फेकू नका. अन् घडी घातलेला कागद आला तर आधी उलगडायला लावा.

गिरणीच्या ऑफिसने हात वर केले, "तुमचं अन् ठेकेदाराचं पाहून घ्या." तेही चालत नाही. तेव्हा लागू असलेल्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याप्रमाणे ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने भरायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची. कामगार कार्यालयात लेखी अर्ज गेल्यावर गिरणीवाले बोलायला लागले. गेटपास बंद करतो म्हटल्यावर काहींनी अर्ज मागे घेतले, त्यांना दमडी मिळाली नाही. बाकीच्यांच्या खात्यात रजेचे पैसे आले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्यात २४० ऐवजी १८० दिवस. ठेकेदार तोच आहे, आणि परवाच मुनशी पुन्हा विचारत होता, आधार कार्डाची झेरॉक्स कोणाकोणाकडे आहे म्हणून.