हळू आवाजातला पखवाज: आरएमई एडीआय-2 डॅक एफएसचं लाउडनेस

आरएमईच्या या डॅकच्या, म्हणजे डिजिटल फाइलचा हेडफोनसाठी आवाज करणाऱ्या यंत्राच्या, स्वच्छ आवाजावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी फक्त त्यातल्या लाउडनेसवर, म्हणजे हळू आवाजात बास-ट्रेबल आपोआप वाढवणाऱ्या सोयीवर लिहितोय, कारण तेवढ्यासाठीच मी तो घेतला. वेंगुर्ल्यात रात्री जेवणं आटोपली की माझं ऐकणं सुरू होतं. हेडफोन सेनहायझर एचडी 600, उघड्या पाठीचा. आवाज बाहेर झिरपतो आणि शेजारच्या खाटेवर आये झोपलेली. म्हणजे हळूच ऐकायचं.

हळू केलं की आधी खर्ज जातो. तो यंत्राचा दोष नाही, आपल्या कानाचीच तऱ्हा. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली ती आलेखावर मांडली. आयएसओ 226 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार 1000 हर्ट्झचा 40 डेसिबलचा स्वर जितका मोठा वाटतो, तितकंच वाटायला 100 हर्ट्झला सुमारे 64 डेसिबल लागतात. डबलबारीचं, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याचं, रेकॉर्डिंग हळू लावलं की झांज आणि बुवांचा आवाज उरतो. पखवाजाची कणीक लावलेली डावी बाजू गायब. पखवाज वाजवणाऱ्या चुलतभावाने हेडफोन कानाला लावून पहिलं काय विचारलं, तर "डावो हात खंय गेलो?"

मेनूत ‘लो व्हॉल्यूम रेफ’ आहे, तिथे आपला सगळ्यात हळू आवाज सांगायचा. माझा उणे 45 डेसिबल. त्या जागी बास-ट्रेबलची वाढ पूर्ण मिळते. आवाज चढवत नेला की ती उतरत जाते आणि 20 डेसिबल वर, म्हणजे उणे 25 ला, शून्य होते. वाढीची कमाल 10 डेसिबल. मी बास 6 वर ठेवलाय. आधी उणे 25 ला ऐकायचं, डावा हात आणि गळा यांचं नातं कानात धरायचं, मग उणे 45 ला येऊन तेच नातं जुळेपर्यंत बास वाढवायचा. आलेखातले आकडे जसेच्या तसे भरू नका. ते समोरून येणाऱ्या शुद्ध स्वरांचे, 18 ते 25 वयाच्या कानांचे. माझे कान पन्नाशीचे. ट्रेबल 2 पुरे, त्याहून जास्त केलं की झांज टोचते.

मर्यादा एकच, पण मोठी. यंत्राला बटण कुठे आहे एवढंच कळतं, कानात किती पोचतंय ते नाही. गावच्या बारीत कुणी मोबाइलवर टिपलेली फाइल दबकी असते. तिच्यासाठी बटण वर नेलं की खर्जाची वाढ नको तिथे उतरते. लॅपटॉपचा आवाजही पूर्ण ठेवावा लागतो, नाहीतर सगळं गणित सरकतं. हेडफोन बदलला तर रेफ पुन्हा लावा.

मोठ्यानेच ऐकणाऱ्यांनी यापायी पैसे घालू नयेत. पावसाळ्यात कौलांवर सर आली की मीही उणे 30 च्या वर असतो. तेव्हा लाउडनेस जेमतेम उरतं. म्हणून रेफ उणे 35 धरून दुसरा सेटअप साठवलाय, जून ते सप्टेंबर तोच चालतो.