ॲन्सनची ६५३ मते: वाचनालयाच्या अभ्यासवर्गाचा अभिप्राय

आमच्या पवनी तालुक्यातील एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात परदेशातील एकेका मतदारसंघाचा निवडणूक इतिहास सांगणारा अभ्यासवर्ग भरतो. ५० रुपये शुल्कात दोन तासांचे विवेचन, झेरॉक्स केलेले टिपण आणि चहा मिळतो. त्यातील सिंगापूरच्या ॲन्सन मतदारसंघावरील वर्गाबद्दल हा अभिप्राय आहे. स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून आखलेला हा वर्ग प्रत्यक्षात गोसेखुर्दच्या धरणग्रस्तांना अधिक भिडला, आणि माझ्या मते त्याचे खरे यश तेच आहे.

बंदराजवळचा हा शहरी मतदारसंघ १९५९ मध्ये अस्तित्वात आला आणि १९८८ च्या सार्वत्रिक निवडणुकीपूर्वी तो रद्द झाला. एवढ्या काळात त्याने सत्ताधारी पीपल्स ॲक्शन पार्टीला दोन पोटनिवडणुकांत हरवले. जुलै १९६१ मध्ये सत्ताधारी पक्षातील डाव्या गटाने साथ सोडल्यावर माजी मुख्यमंत्री डेव्हिड मार्शल हे वर्कर्स पार्टीतर्फे ५४६ मतांनी निवडून आले, आणि पाठोपाठ सत्ताधारी पक्ष फुटून बारिसान सोशालिस हा नवा पक्ष उभा राहिला. हा सगळा भाग वक्त्यांनी घाईने उरकला. १९६३ मध्ये तेच मार्शल अपक्ष म्हणून उभे राहिले आणि त्यांची अनामत जप्त झाली, ही गोष्ट तर टिपणात एका ओळीत संपते. निवडून दिलेल्या माणसाला मतदार दोन वर्षांत असे का झिडकारतात, हे ऐकायला आमच्याकडची मंडळी नक्कीच बसली असती.

खरा रंग चढला तो १९८१ च्या पोटनिवडणुकीला. ॲन्सनचे खासदार देवन नायर राष्ट्रपती झाल्याने जागा रिकामी झाली होती. १९६८ पासूनच्या प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीत सत्ताधाऱ्यांनी सर्व जागा जिंकल्या होत्या, त्यामुळे पांग किम हिन हा नवखा उमेदवार सहज निघेल अशीच हवा होती. वक्त्यांनी फळ्यावर तीन आकडे लिहिले: वर्कर्स पार्टीचे जे. बी. जेयरत्नम ७,०१२, पांग ६,३५९ आणि तिसरे उमेदवार १३१. वजाबाकी करण्यासाठी एका विद्यार्थिनीला पुढे बोलावले, उत्तर ६५३. मग त्यांनी कारण सांगितले. ब्लेअर प्लेन भागातील बंदर प्राधिकरणाच्या सदनिका कंटेनरच्या कामासाठी रिकाम्या करायच्या होत्या आणि रहिवाशांना पर्यायी घरांसाठी प्राधान्य मिळाले नव्हते. मागच्या सतरंजीवरून लगेच प्रश्न आला, ‘मंग त्यायले घर कुठं देल्लं जी?’ वक्त्यांनी टिपण बाजूला ठेवले, आणि पुढचा अर्धा तास पुनर्वसनाचा रोष मतपेटीत कसा उतरतो याच चर्चेत गेला. विद्यार्थ्यांना परीक्षेच्या दृष्टीने तो वेळ वाया गेल्यासारखा वाटला असेल; मला मात्र तोच सर्वांत मोलाचा वाटला.

१९८४ मध्ये जेयरत्नम ५६.८ टक्के मते घेऊन पुन्हा आले. १९८६ मध्ये पक्षाच्या हिशेबांबाबतच्या खटल्यात त्यांना एक महिन्याचा तुरुंगवास व ५,००० सिंगापूर डॉलरचा दंड झाला आणि त्यांचे सदस्यत्व गेले. त्यानंतर ॲन्सनला पोटनिवडणूक मिळालीच नाही. मतदारांना पुढची संधी १९८८ मध्ये आली, तेव्हा त्यांचा मतदारसंघच उरला नव्हता. (गोसेखुर्दचे भूमिपूजनही १९८८ चेच, असे शेजारी बसलेल्या गृहस्थांनी हळूच सांगितले.) तेव्हा सिंगापूरचे सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने त्याच वर्षी जेयरत्नम यांच्यावर घोर अन्याय झाल्याचे म्हटले, याचा मात्र वर्गात उल्लेखही झाला नाही, आणि ही उणीव मी मोठी मानतो.

नकाशा नव्हता, झेरॉक्स फिकट होती आणि वीज गेल्यावर मागच्या रांगांना फळा दिसेना. तरीही ५० रुपये वसूल झाले, असे मी म्हणेन. पुढच्या वेळी दोन तासांऐवजी तीन तास ठेवावेत आणि प्रश्नोत्तरांचा वेळ आधीच राखून ठेवावा. ज्यांना केवळ परीक्षेपुरते हवे असेल, त्यांनी टिपण विकत घेतले तरी पुरे.