पावसाळ्यातल्या फ्लॅटसाठी: गिनी पिग की ससा?

ऐरोलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात आधी चार वर्षे गिनी पिगांची (नावात पिग असले तरी हा उंदराच्या जातकुळीतला लहान, कुरतडणारा प्राणी) जोडी होती आणि गेली तीन वर्षे सशांची जोडी आहे. यांपैकी काय आणावे असे कोणी विचारले, की मी आधी एवढेच विचारतो, की जुलै महिन्यात तुमच्या घरात कपडे वाळतात का?

दोघांचाही मुख्य आहार गवत, दोघांचेही दात आयुष्यभर वाढणारे आणि दोघांनाही एकटेपणा सोसत नाही, हे वाचकांना ठाऊक असेलच. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून गिनी पिगाला सोबतीशिवाय ठेवण्यास कायद्यानेच मनाई आहे आणि ती मला योग्य वाटते. मात्र सोबत म्हणजे त्याच जातीची. एक ससा आणि एक गिनी पिग अशी जोडी लावू नये, कारण सशाची एक लाथ त्या लहानग्या जिवाला जायबंदी करू शकते आणि सशाच्या श्वासमार्गात निमूट राहणारे काही जंतू गिनी पिगाला न्यूमोनिया देऊ शकतात.

माणसांत लवकर मिसळतो तो गिनी पिगच. फ्रिजचे दार उघडल्याचा किंवा कोथिंबिरीच्या पिशवीचा आवाज आला, की आमचे दोघे शीळ घालून घर डोक्यावर घेत. सशांनी तीन वर्षांत तसे स्वागत एकदाही केलेले नाही. माणसाप्रमाणेच गिनी पिगाच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून ढोबळी मिरचीची फोड रोज द्यावी लागते, पण तेवढे कोणालाही जमावे.

अडचण होती ती लघवीची. गिनी पिग बसेल तिथे, खाईल तिथे आणि बहुधा झोपेल तिथेही लघवी करतो, आणि त्याला एका जागेची सवय लावण्याचे आमचे सारे प्रयत्न थोड्याफार यशावरच थांबले. त्यामुळे पिंजऱ्यात अंथरलेल्या फ्लीसच्या, म्हणजे मऊ लोकरीसारख्या कापडाच्या, चादरी एक दिवसाआड धुवाव्या लागत. मे महिन्यापर्यंत त्याचे काही वाटले नाही. परंतु पाऊस सुरू झाला आणि आमच्या ऊन न येणाऱ्या गॅलरीतल्या दोरीवर त्या चादरी तीन-तीन दिवस दमट राहू लागल्या, बैठकीच्या खोलीत पंख्याखाली त्यांच्यासाठी दुसरी दोरी बांधावी लागली आणि पाहुण्यांनी दारातच नाक आक्रसावे असा कुबट वास घरात मुरला. चादरींऐवजी लाकडाचा भुसा वापरून पाहिला, तर तोही त्या हवेत ओल धरी. दुसऱ्या पावसाळ्यात एकाच्या नाकाजवळ बुरशीचा चट्टा उठला आणि पंधरा दिवसांत तसाच चट्टा माझ्या मुलीच्या मनगटावर दिसला. औषधाने दोघेही बरे झाले, तरी ती ओल मी विसरू शकलो नाही.

ससा मात्र स्वतःच एक कोपरा निवडतो. त्या कोपऱ्यात रुंद ट्रे ठेवून त्याच्याच कडेला गवत ठेवले, की तो तिथे बसून खातो आणि तिथेच लघवी करतो. नसबंदीनंतर ही सवय अधिक पक्की होते. चुकार लेंड्या इकडेतिकडे पडतात, पण त्या कोरड्या असल्याने केरसुणीने निघतात. मादीची नसबंदी तर तिच्या जिवासाठीही करावी, कारण न केल्यास वाढत्या वयात गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका मोठा असतो.

सशाचे दोष मी लपवणार नाही. पहिल्याच आठवड्यात त्याने इंटरनेटची वायर कुरतडली. त्यानंतर जमिनीलगतच्या सगळ्या वायरींवर प्लॅस्टिकच्या नळ्या चढवल्या आणि तो प्रश्न मिटला. त्याचे मौन अधिक काळजीचे आहे. आजारी ससा कण्हत नाही, केवळ खाणे थांबवतो, आणि बारा तास काही खाल्ले नाही तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावा लागतो. कुत्र्या-मांजरांचे दवाखाने पुष्कळ असले तरी ससे जाणणारा डॉक्टर शोधावा लागतो, म्हणून ससा आणण्याआधी तो शोधून ठेवावा. उन्हाळ्यात दुपारी लादीचा तुकडा आणि कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली लागते, अर्थात ती गिनी पिगालाही लागते. शिवाय गिनी पिगाची साथ साधारण पाच ते आठ वर्षांची, तर सशाची आठ ते बारा वर्षांची असते, हेही मनाशी धरावे.

ज्यांच्या गॅलरीत पावसाळ्यातही वारा खेळतो आणि घरात जिवंत किलबिल हवी आहे, त्यांना गिनी पिग कदाचित अधिक आनंद देतील. पण घर आमच्यासारखे कोंदट असेल, तर सशांची जोडी, रुंद ट्रे आणि वायरींच्या नळ्या एकाच दिवशी घरी आणाव्यात, आणि जमल्यास पाऊस सुरू होण्याआधीच.