पदवीच्या प्रयोगशाळेचा पहिला मास स्पेक्ट्रोमीटर: जीसी-एमएस की एलसी-एमएस?

पदवीच्या मुलांसाठी पहिलाच मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंचं आणि त्यांच्या तुकड्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र) घ्यायचा, तर प्रश्न बहुधा जीसी-एमएस (नमुना आधी वायुरूपात वेगळा करणारा) की एलसी-एमएस (द्रवात वेगळा करणारा) इथेच येऊन थांबतो. दोन्ही साध्या सिंगल क्वाड्रुपोलचे, म्हणजे वस्तुमानानुसार आयन गाळणारा एकच टप्पा असलेले, धरून बोलतो. माझा कल स्पष्टपणे जीसी-एमएसकडे आहे, कारण त्याचा स्पेक्ट्रम मुलांना वाचता येतो.

त्यात 70 इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन रेणूवर आदळतात आणि रेणू फुटतो. ब्रोमोबेन्झीन घालून बघा. 156 आणि 158 या वस्तुमानांवर जवळपास सारख्या उंचीची जोडशिखरं येतात, कारण ब्रोमीनचे दोन समस्थानिक निसर्गात साधारण निम्मे-निम्मे असतात. 77 वर ब्रोमीन गळून उरलेला फिनाइल. वहीत 156 मधून 79 वजा केले की मुलगी स्वतःच म्हणते, ‘सर, ब्रोमीन गेला.’ संगणकातल्या स्पेक्ट्रम-लायब्ररीचं उत्तर त्याआधी दाखवू नये, एवढं पथ्य मात्र पाळावं.

एलसी-एमएसचा इलेक्ट्रोस्प्रे, म्हणजे द्रावणाच्या विद्युतभारित फवाऱ्यातून आयन बनवणं, सौम्य असतो. कॅफिन जीसी-एमएसवर 194 सोबत 109, 67, 55 असे तुकडे देतं. इलेक्ट्रोस्प्रेवर मुख्यतः 195, म्हणजे एक प्रोटॉन चिकटलेला रेणू. रेणुभार लगेच कळतो, रचनेबद्दल फारसं काही हाती लागत नाही. पण तुमचं संशोधन पेप्टाइडांवर किंवा उष्णतेनं मोडणाऱ्या औषधांवर असेल, तर माझा कल बाजूला ठेवा आणि एलसी-एमएसच घ्या. शर्करेसारखे रेणू सिलिलेशन करून (सिलिकॉनचे गट जोडून, म्हणजे ते वायुरूपात जाऊ शकतात) जीसीवर जातात, पण प्रॅक्टिकलचा वेळ त्यातच संपतो.

रोजच्या खर्चाचं गणितही वेगळं. एलसी-एमएसला नायट्रोजन सतत लागतो, म्हणजे जनरेटर आलाच. शिवाय फॉस्फेट बफर अजिबात चालत नाही. जीसी-एमएसला हेलियम लागतो, पण त्यामानानं थोडा. त्याचा आयन सोर्स (रेणूंचे आयन होतात तो भाग) उघडून अ‍ॅल्युमिनाच्या लेपानं घासणं तिसऱ्या वर्षाची मुलंही शिकतात. ट्यूनमध्ये, म्हणजे यंत्राच्या जुळवणीच्या तपासणीत, 28 (नायट्रोजन) आणि 32 (ऑक्सिजन) ची शिखरं साधारण चारास एक दिसली, तर हवा आत शिरतेय हेही त्यांना ओळखता येतं. हे हातात येणं मला फार मोलाचं वाटतं.

कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन, दोन्ही 28, त्यांतला 0.011 चा फरक दाखवणारं टीओएफ (आयनांच्या उड्डाणाच्या वेळेवरून वस्तुमान मोजणारं, जास्त अचूक यंत्र) मोहात पाडतं. पण तेवढी अचूकता लागेल ती शोधनिबंधापुरती, आणि ते नमुने बाहेर पाठवता येतात.

सही करण्याआधी विक्रेत्याला तुमचेच नमुने चालवून दाखवायला सांगा, आणि यंत्राची चावी तुमच्यातल्या कोणत्या शिक्षकाकडे राहणार, तेही त्याच बैठकीत ठरवा.