उत्पन्न की मिळकत?

‘महिन्याची मिळकत किती?’ असं बोलताना सहज विचारलं जातं आणि अर्थ कमाईचाच असतो. कागदावर मात्र गडबड होते. वाटणीपत्रातली ‘स्थावर मिळकत’ म्हणजे घर-जमीन. ‘मिळकत पत्रिका’ हा नगर भूमापनाचा उतारा. पुणे महापालिकेचा मिळकतकरही घरावरचाच, मुंबईत त्याला मालमत्ता कर म्हणतात. पगारावरचा तो प्राप्तिकर किंवा आयकर. म्हणून करारात ‘मिळकतीत निम्मा वाटा’ लिहिलं तर भाड्यात वाटा की घरातच, हा वाद ठरलेला. भाडंच म्हणायचं असेल तर ‘मिळकतीच्या भाड्याचे उत्पन्न’ लिहावं.

‘उत्पन्न’ अधिक नेमका. तहसीलमधून मिळतो तो उत्पन्नाचा दाखला. अर्जातही ‘वार्षिक उत्पन्न’.

त्यातही एक खोच आहे. ‘एकरी दहा क्विंटल उत्पन्न’ हे खरं तर उत्पादन. ते समजा 5,000 रुपये क्विंटलने विकलं तर 50,000 हे एकूण उत्पन्न. बियाणं, खत, मजुरीचे 30,000 वजा केल्यावर उरलेले 20,000 निव्वळ. अर्जात यातलं कोणतं मागितलंय, ते आधी वाचावं. (‘शंका उत्पन्न झाली’मधला ‘उत्पन्न’ वेगळा, त्याचा पैशाशी संबंध नाही.)