नुसतं गवत की क्लोव्हर मिसळलेलं लॉन? न्यू जर्सीच्या अंगणासाठी

ऑगस्ट मध्यावर आला की न्यू जर्सीत लॉनला नवं बी टाकायचे दिवस सुरू होतात आणि आपल्या मंडळींत कोणीतरी विचारतंच, यंदा गवतात पांढरं क्लोव्हर टाकू का? बहुतेक घरांसाठी मी 'हो' म्हणेन, पण सगळ्या अंगणभर नको.

सगळ्यात मोठा फरक खताचा. केंटकी ब्लूग्रास हे लॉनचं गवत खादाड आहे, हिरवंगार हवं तर वर्षातून दोन-तीनदा नायट्रोजन मागतं. क्लोव्हर म्हणजे आपल्याकडे रब्बीत गुरांसाठी पेरतात त्या बरसीमचं भावंड. हरभऱ्याच्या मुळांवर असतात तशा गाठी त्याच्याही मुळांवर असतात आणि त्यातले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरतात. गवताला तो लगेच मिळत नाही, क्लोव्हरची पानं-मुळं कुजली की मिळतो. म्हणून मोअर (गवत कापायचं यंत्र) फिरवल्यावर पडलेला पाला उचलू नका. जास्तीचं खत बार्नेगॅट बेसारख्या खाड्यांत वाहून जातं, म्हणूनच राज्याने 2011 मध्ये लॉनच्या खतावर कायद्याने मर्यादा घातल्या. माझ्या मते क्लोव्हरसाठी एवढं कारणही पुरेसं आहे.

जुलैत पाणी तोडलं तर ब्लूग्रास पिवळं पडून निपचित होतं. क्लोव्हर त्यापेक्षा बरेच दिवस हिरवं राहतं, पण पाऊस फारच लांबला तर तेही मान टाकतं.

मुलं रोज क्रिकेट खेळतात तिथे मात्र गवतच ठेवा, क्लोव्हर तुडवणं फार सोसत नाही. हिवाळ्यात त्याची पानं विरतात. नुसतंच क्लोव्हर लावलं तर मार्चमध्ये उघडा चिखल दिसेल, म्हणून टॉल फेस्क्यू या गवतासोबत मिसळणं उत्तम. दोन-तीन वर्षांनी क्लोव्हर विरळ होतं, पुन्हा थोडं बी टाकावं लागतं.

फुलांवर मधमाश्या येतात. मला त्या हव्याहव्याशा वाटतात, पण घरात कोणाला डंखाची ॲलर्जी असेल तर हा विषय तिथेच संपवा. अनवाणी खेळणारी लहान मुलं असतील तर फुलं दिसू लागताच मोअर फिरवा.

आणि तणनाशक? 1940 च्या दशकापर्यंत इथल्या लॉनच्या बियाण्यात क्लोव्हर सर्रास मिसळलेलं असे. मग टू-फोर-डी हे तणनाशक आलं. त्याने रुंद पानांची तणं मारता मारता क्लोव्हरही मारलं आणि पुढे लोक त्यालाच तण म्हणू लागले. डँडेलियनसारख्या तणावर दरवर्षी फवारणी करून घेणार असाल, तर क्लोव्हरवर पैसे घालवू नका.

बी खसखशीएवढं बारीक असतं. असलेल्या लॉनवर 1000 चौरस फुटांना पाव पौंड पुरे. वाळूत कालवून फेका आणि रेक हलकाच फिरवा, पाव इंचाहून खोल गाडू नका. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उरकून घ्या, म्हणजे थंडीआधी मुळं धरतील. टाउनहाऊस असेल तर घरमालकांच्या असोसिएशनचे नियम आधी वाचा. पहिल्या वर्षी मागच्या अंगणातली एकच पट्टी पेरा आणि पुढच्या जुलैत ती शेजारच्या गवताशी ताडून बघा.